खाडा

पाच वाजता पाय जागे झाले.
मी नाही.
ते गोधडीखाली पडल्या पडल्या
चढ शोधत होते.

पालहून निघाल्याचा अठरावा दिवस. धडगाव.
डायरीत तारीख टाकली
आणि किलोमीटरच्या रकान्यात,
आई दुधाच्या हिशेबात घालायची तशी,
एक फुली. खाडा.

सुपडूने दोघांचे मोजे धुतले,
लॉजच्या गच्चीवरल्या तारेला लावले.
चार मोजे, चारी चार मापांचे झालेले.
माझ्या डाव्या टाचेचा फोड सुईने फोडून
त्याने राख लावावी तशी पावडर लावली
आणि बराच वेळ कोणी बोललं नाही.
सतरा दिवस आम्ही जे बोललो
ते सगळं त्याच्या पाठीशी बोललो होतो मी.
तो पुढे, मी मागे, मध्ये सागाची पानं.
आज समोरासमोर बसल्यावर दिसलं,
त्याची दाढी पांढरी आली आहे.
निघालो कशासाठी, हे त्यालाही आठवेना.
पैज होती बहुतेक. कोणाशी, ते राहिलंच.

बुटाचा तळ जबडा उघडून होता.
चांभार लग्नाला गेलेला,
म्हणून जलाल पिंजारीच्या पंक्चरच्या दुकानात नेला.
त्याने तो उलटा धरून विचारलं, किती चालला?
अडीचशे.
मग घासला, सोल्युशन लावलं,
ट्रकच्या ट्यूबचा तुकडा चिकटवून वर हातोडा मारला.
हवा भरू का, म्हणाला,
आणि स्वतःच हसला, मग पैसे घेतले पंधरा.

दुपारी शेवभाजी.
दोन प्लेट, परत दोन प्लेट.
पाचवी मागताना सुपडू टेबलाकडे बघत होता.

बाजार भरला होता.
ठुमलीबाई पावरा आमचूर घेऊन बसलेली,
काळपट फोडींचा ढीग, शेजारी तराजू,
तराजूत वजनाऐवजी एक गुळगुळीत दगड,
उदईतला असेल.
कुठे निघालात एवढं ओझं घेऊन?
आज कुठेच नाही, मी म्हणालो, आज सुट्टी,
आज चालायचं नाही.
तिने ते पावरीत बहिणीला सांगितलं.
बहीण एवढी हसली की पदर तोंडात धरला.
मग बाजारात कसे आलात, तिने विचारलं,
उडत?
ती रात्री तीनला पाड्यावरून निघाली होती.
एक फोड हातावर ठेवली तिने, फुकट.
आंबटाने माझा एक डोळा मिटला
आणि तसाच मिटलेला राहिला चार दुकानं.

साडेचारला स्टँडवर शहाद्याची गाडी लागली.
आम्ही फक्त बघायला गेलो होतो.
सीट होतं, त्यावर रेक्झिन होतं,
रेक्झिनखाली अजून थोडा स्पंज शिल्लक होता.
बसलो.
फक्त बसून बघायला.
गुडघे कुठेतरी आत
कुलूप उघडावं तसे वाजले.
संध्याकाळी शहादा, रात्री भुसावळची गाडी,
उद्या सकाळी घरचा चहा, पंखा, उशी.
कंडक्टर आला. कथा?
आम्ही दोघंही दुसऱ्याने बोलावं म्हणून थांबलो.
बठा ना, जागा शे, तो म्हणाला
आणि तिकिटाचं यंत्र कानाशी नेऊन हलवलं.
मी खिडकीतून बघत होतो,
गच्चीवर चार मोजे.
मोजे राहिले, मी म्हणालो.
हां, सुपडू म्हणाला, मोजे राहिले.
उतरलो.
गाडी गेल्यावर धूळ बसेपर्यंत
एकमेकांकडे बघितलं नाही.

रात्री फोनने सांगितलं,
आज सहा किलोमीटर चाललात, शाब्बास.
मी फुली तशीच ठेवली.
उद्या अस्तंब्याचा डोंगर.
मोजे अजून दमट होते, अंगाखाली घेऊन झोपलो.
शेजारी सुपडूचे पाय
झोपेत चालत होते, मंद, सपाटीवर चालावेत तसे.

बाजार उठून बराच वेळ झाला होता.
खाली रस्त्यावरून बायका परत निघालेल्या,
अंधारात, बोलत, मध्येच हसत.
कोणाच्या तरी पायातलं कडं
दर पावलाला एकदा वाजत होतं.
मी मोजायला लागलो.
दोनशेच्या पुढे आवाज वळणाआड गेला,
आणि तो अजून चालूच असणार.