जमेची बाजू

जुलैचे शेवटचे चार दिवस. लातुरात, औसा रोडवर,
आमच्या तळघरातल्या ऑफिसात
पंखा फक्त सरांच्या डोक्यावर फिरतो.
प्रयागबाई सुरवसे यांनी टेबलावर ठेवलं
एकेचाळीस पानांचं बँक स्टेटमेंट,
कोपऱ्याला कणकेच्या बोटाचा ठसा.
नीटच्या पोरांची मेस. पस्तीस डबे, दोन वेळा.
"ह्यातलं माझं किती, तेवढं काढा भाऊ."

मशीनला सोपं आहे. जमा म्हणजे जमा.
चौदा लाख बावीस हजार.
"अगंबाई," त्या हसल्या, "एवढे असते तर
मी कशाला आले असते, तुम्हीच आला असता की घरी."

मग ओळ ओळ बसलो.
किनवटहून तीन हजार. डबा.
जिंतूरहून तीन हजार दोनशे. वरचे दोनशे
पोराच्या हातात द्या, केस लई वाढलेत म्हणं त्याचे.
सेलूहून पाच हजार.
"हे डब्याचे न्हाईत. शिवकन्याच्या आईनं पाठवले,
बापाला न सांगता. चष्म्याला.
मी रोख दिले पोरीला."
पावती?
"आईच्या चोरीची पावती असती का कुठं?"

समोर पेन्सिलीनं लिहितो: उत्पन्न नाही.
खोडतो. परत लिहितो.

नियम समजावला. मोबाईलवर आलं
तर नफा सहा टक्के धरायचा, रोखीनं आलं तर आठ.
"म्हंजे रोखीवाल्याला जास्त सुटतंय व्हय?"
"नाही. तो सरकारला नीट दिसत नाही, म्हणून."
त्या थोडा वेळ गप्प.
"आन् मी दिसते?"
"दिसता."
पदर सारखा केला त्यांनी, उगाच.

पान छत्तीस. गंगाखेडहून एक रुपया.
पान अडतीस, एक रुपया. चाळीसवर परत.
"परमेश्वरचा बाप. मोंढ्यात हमाल.
नंबर चुकू नये म्हणून आधी एक सोडतो,
फोन करतो, आला का ताई?
आला म्हणलं की मागून तीन हजार."
तीन हजार दिसेनात. जानेवारीपासून नुसता रुपयाच.
"पोरगं गेलं का सोडून?"
"जेवतंय की.
त्यो इचारतो आला का, मी म्हणते आला.
खोटं हाय का त्यात?"

नव्हतं. तीन रुपये, डब्याच्या खाती,
उत्पन्न म्हणून धरले.

संध्याकाळी बेरीज जुळली, साडेआठ लाखांच्या आत.
कर शून्य. त्यांचा विश्वास बसेना,
दोनदा विचारलं, मग भरायचं कशाला?
फी आठशे. मोबाईल काढून त्या भिंतीवर
आमचा कोड शोधू लागल्या.
सर कागदातून मान वर न करता म्हणाले,
"रोख द्या बाई."

प्रयागबाईंनी माझ्याकडं बघितलं.
"आठ टक्केवाले व्हय?"