उरलेला ट

प्लास्टिकची क्लिप चार रियालची होती.
डब्यावर डोंगर, डोंगरावर मोटरसायकल,
आणि कुठेही खड्डा नाही.

वादी हिबीच्या रस्त्यावर, सकाळी सात दहाला,
पुढे गेलेला दाऊद मुकादम रेडिओवर म्हणाला, "उं"
आणि रेडिओ हँडलवरून सुटला,
टाकीवर एकदा आपटला,
मग आरशात लोळताना दिसला, लहान लहान होत.
वळण संपलं तेव्हा
रस्ता अडवून उभा होता अख्खा शब्द,
चार पायांवर, रवंथ करत.

दोन्ही ब्रेक. मागचं चाक जरासं बाजूला गेलं.
उंटाने मान वळवून पाहिलं,
रजेचा अर्ज घेऊन गेलं की आमचा मॅनेजर बघतो तसं.

आज शुक्रवार. सोहारच्या सनायात
निसार उस्तादच्या लेथपुढे स्टुलावर बसलेय.
अकरा वर्षं रिफायनरीत मी थरथर मोजते:
पंपांची, कंप्रेसरची, पाइपांच्या कोपरांची.
कुठला बोल्ट किती आठवड्यांनी ढिला पडेल
ते आलेखावर बोट ठेवून सांगते.
आणि स्वतःच्या गाडीवर क्लिप.
हे उस्तादला सांगितलेलं नाही.

सहा मिलिमीटर ॲल्युमिनियमची पट्टी.
कडा घासलेल्या, भोकं चार,
त्यातलं एक चुकलेलं, ते तसंच राहू दे म्हटलं.
हँडल आणि पकडीच्या मधे
जुन्या ट्यूबचा तुकडा, सायकलच्या,
बोल्टाच्या आट्यांवर निळ्या गोंदाचा एकच थेंब.
उस्ताद पट्टी हलवून बघतो,
मग मला हलवायला लावतो,
मग करक घेऊन आलेल्या पोराला.
तिघांनी हलवल्याशिवाय त्याच्याकडे काम खलास होत नाही.

वायर टाकीखालून नेली, पाच अँपिअरचा फ्यूज सीटखाली.
हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे:
वायर ताणत नाही, चेपत नाही.
अँटेना मागच्या कॅरियरवर,
बोलायचं बटण डाव्या अंगठ्याशी,
परवान्याचा कागद प्लास्टिकमधे, पेटीत.

राहिली दोरी.
पट्टी तुटली, गोंद सुटला, मी चुकले,
तरी रेडिओ लोंबकळत राहावा म्हणून वीतभर दोरी.
मुकादमचे वडील हर्णैला तांडेल होते.
पडाव खुंट्याला बांधायची गाठ
त्याने मला कधीतरी निझवाच्या पेट्रोल पंपावर
बुटाच्या नाडीने शिकवली होती.
दोनदा चुकले. तिसऱ्यांदा बोटांनी केली, मी नुसती बघत होते.

रात्री कॉर्निशवर गाडी लावली.
चाळीस अंश, हवा ओल्या टॉवेलसारखी,
चष्मा पुसून ठेवावा की पुन्हा धूसर.
असल्या दिवसांत समुद्रावर हवेचा एक थर बसतो
आणि आवाज त्यावरून घसरत कुठल्या कुठे जातात.
रेडिओ लावला तर मुकादमच्या आधी
पलीकडच्या किनाऱ्यावरचा कोणी फारसीत बोलत होता,
जास्कचा असेल, नाहीतर बंदर अब्बासचा.
जाळ्याबद्दल असावं, किंवा बायकोबद्दल,
वैताग तेवढा कळत होता.

मी बटण दाबलं. "मुकादम, ऐकू येतंय का?"
खरखर. बराच वेळ खरखर.
तो सहमला होता, तीसेक किलोमीटरवर,
घराच्या गच्चीत, बहुतेक लुंगीवर.
मग अगदी कानाशी आल्यासारखा,
तीन आठवडे जपून ठेवलेला,
"ट."

मला हसू आवरेना, अंगठा बटणावरच राहिला,
सगळं हसू तिकडे गेलं.
सोडला तेव्हा पलीकडचा माणूस गप्प होता.
मग त्यानेही करून पाहिलं.
त्याला ट जमला नाही.
"त?" म्हणाला.