हवा काढताना

ह्यांच्या बाजूच्या मॅटला टाचेएवढा खळगा पडलाय.
ब्रेक माझ्या बाजूला; दाबतात मात्र हे.
नांदुरीचा घाट उतरताना, वळण दिसायच्या आधी
ह्यांचा उजवा पाय रबरात रुततो
आणि माझा त्याच्या मागून जातो,
वर्गात उशिरा आलेल्या मुलीसारखा.

सव्वीस वर्षं नाशिक ते सप्तशृंगगड, एस्टी.
मग काचबिंदू, मग डेपोत नारळ,
आणि बावन्नाव्या वर्षी मी
सातपूर कॉलनीच्या मैदानात
जुन्या झेनने आठचे आकडे काढत.

दिवाळीआधी गडावरून येताना करपल्याचा वास आला.
वाटलं, कुणाचं तरी दूध उतू गेलं.
घाटात कुणाचं दूध?
हे म्हणाले, "आपलंच आहे. दुसऱ्यात टाक.
कडेला घे. चाकाला हात लावू नकोस."
पेडल भिजल्या उशीसारखं खाली जात होतं.

भिशीचे साडेपाच हजार.
भद्रकालीत अकील कोकणीच्या दुकानात
पर्स मांडीवर धरून बसले.
मागेही डिस्क बसते, तो म्हणाला,
पुढची मोठी मिळते, बूस्टरही वरच्या गाडीचा...
मी पर्सची चेन ओढली.
तो हसला, आणि मग खरं बोलला:
"ताई, ब्रेक थांबवतो चाकाला.
गाडीला थांबवतो टायर. आधी टायर दाखवा."
टायर बरे निघाले.
जावयाचे मी पहिल्यांदाच मनातून आभार मानले.

नव्या डिस्क नाहीत. जुन्याच अंबडला
पिंगळ्यांच्या लेथवर साफ करून आणल्या.
व्हर्नियर लावून ते म्हणाले,
"अजून एकदा निघेल. मग नाही."
ह्यांनी ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.
पॅड चांगले घेतले. तिथे घासाघीस केली नाही,
ती पॅडनं करायची.
रबरी होज फुगलेले, संध्याकाळच्या माझ्या घोट्यांसारखे;
ते बदलले. मागचे ड्रम तसेच, लायनर नवे.

पोऱ्या जेवायला गेला होता.
"काका, पेडलवर बसता?"

तीन वर्षांनी हे उजव्या दारानं आत शिरले.
सीट मागे सारली. आरसा नीट केला,
ज्यात आता त्यांना नुसता उजेड दिसतो.

लांबचं चाक आधी.
अकील खाली पान्यावर, मी उकिडवी,
बाटलीत बुडवलेल्या नळीकडे बघत.
दाबा.
धरा.
सोडा.
आधी आलं ते कोऱ्या चहासारखं,
मग बुडबुडे,
इतके दिवस आमच्याबरोबर घाट चढणारे उतरणारे.

दाबा. धरा.
"एस्टीत हवा आहे तोवर ब्रेक आहे," हे आतून म्हणाले.
"इथं उलटं, काका. हवा आहे तोवर ब्रेक नाही."
त्यावर बराच वेळ काही नाही.
सोडा.
किती हळू सुटत होता त्यांचा पाय,
मागे पन्नास माणसं झोपली असावीत तसा.

चौथ्या चाकाशी नळीत करडईच्या तेलाचा रंग आला,
एकसंध, कुठे तुटत नव्हता.
"दगड झालं," हे म्हणाले. "पेडल दगड झालं."
आणि उतरलेच नाहीत.
अकीलनं चार चहा सांगितले,
एक आत, स्टिअरिंगपाशी.

उरले एकशे दहा रुपये.
"दोनशे किलोमीटर पॅड मुरू द्या," अकील म्हणाला,
लोणच्याबद्दल बोलावं तसं.

मुरू दिले. मग मंगळवारी गड.
उतरताना तिसऱ्या वळणावर मेंढ्या.
मी दाबला.
गाडी नाक खाली घालून उभी राहिली,
सरळ, डावीकडे न ओढता.
मग, पापणीभर उशिरा,
मॅटवर टाच वाजली.

मेंढ्या जाईपर्यंत दोघंही गप्प.
"मी दाबणारच होतो," हे म्हणाले.

मॅट अजून तीच आहे.
एकशे दहात येत नाही.