झुकतं माप

टेकडीवर चढणारा लाकडी डबा
जिथून करकरत निघतो, त्याच्या पायथ्याशी
बेलार्मिनोचं खिळ्यांचं दुकान.
वाल्परायसोतलं सगळ्यात अरुंद, तो म्हणायचा.
मी तिथं पावत्या लिहायचे.
खिळे वजनावर, स्क्रू डझनावर,
उधारी फक्त
समुद्रावर गेलेल्यांच्या बायकांना.

तराजू जुना, काट्याचा,
रुंद पितळी ताटलीचा.
दुपारचं ऊन त्या ताटलीतच काय ते पडायचं,
म्हणून ताटलीत मांजरी.
नाव तुएर्का. त्यांच्या भाषेत नट,
बोल्टावर बसतो तो.

उठवायची कशाला?
बेलार्मिनो तिच्या पोटाशी खिळे ओतायचा,
काटा बघायचा, तोंडानं वजा करायचा:
"चार किलो दोनशे मांजर. उरले ते तुमचे."
गिऱ्हाईक हसायचं. हिशेब चोख.

मग कुणीतरी फोटो काढला.
मिटलेले डोळे, काट्याखाली शेपटी,
पंजाखाली एक तीन इंची खिळा.
महिन्याभरात मोठ्या बोटींतून उतरणारे पाहुणे
धक्क्यावरच विचारू लागले,
मांजराचं दुकान कुठं?
खिळ्यांचं कुणी म्हणेना.
समोरच्या भिंतीवर एका पोरानं
दोन मजली तुएर्का रंगवली, टक्क उघड्या डोळ्यांची.
झोपलेल्याकडे कोण बघतं, म्हणाला.
ओतिलिया मासळीवाली रोज एक बांगडा आणायची,
शाळेतली पोरं डब्यातलं सॉसेज.
नटाची नटी झाली होती
आणि नटीला नैवेद्याची काय वाण.
ती मात्र पाहुण्यांकडे पाठ करून
ऊन सरकेल तशी सरकायची.

ओसिएल आला तो दुकान बंद करायच्या वेळेला.
होड्या बांधणारा, मोजकं बोलणारा.
रिकामी पिशवी काउंटरवर ठेवली.
"प्रत्येक होडीला खिळे कमी पडतायत.
आधी वाटलं, माझा हात म्हातारा झाला.
मग वाटलं, पोरगा विकतोय.
बोललो त्याला.
बोलू नये ते बोललो."

बेलार्मिनोनं तिला दोन्ही हातांनी उचललं.
काटा शून्यावर आला,
कित्येक वर्षांत पहिल्यांदाच बहुतेक.
परत ठेवली.
चार किलो पाचशे.

तीनशे ग्रॅम.
गावाचं कौतुक एवढं भरलं होतं
आणि आम्ही ते
ज्याच्या त्याच्या खिळ्यांतून कापत होतो.
मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात.
ती तर नुसती झोपली होती.
मिटले होते आमचे.

रात्रभर पावत्या काढल्या, अख्ख्या हिवाळ्याच्या.
दुसऱ्या दिवशी कुलूप लावून टेकड्या चढलो,
मी पुढे, तो मागे, धापा टाकत,
दारोदार पुड्या.
कुणी हसलं, कुणी चहा दिला.
एका फळीपुरते खिळे नेलेल्या बाईनं
पुडी उघडून एकेक मोजला.
ओतिलियानं परत फेकली:
"बांगडे मीच घातले ना तिला!"

ओसिएलकडे शेवटी गेलो.
त्यानं पुडी घेतली, पोराच्या हातात दिली.
तो काही बोलला नाही. पोरगाही नाही.
आम्ही एकशे बारा पायऱ्या उतरलो
तरी वरून हातोडीचा आवाज आला नाही.

आता दारात पाटी आहे.
सकाळी आधी ती, एकटी, ताटलीत.
आकडा मी खडूनं लिहिते.
पाहुणे पाटीचेही फोटो काढतात,
नाक्यावर त्या आकड्यावर पैजा लागतात,
आणि बेलार्मिनो वजाबाकी झाल्यावरही
मूठभर खिळे वर टाकतो,
काट्याला थोडं जाऊ देतो खाली.

गेला महिनाभर आकडा उतरतोय.
चार तीनशे. चार शंभर.
कुणी विचारलं तर पथ्य, म्हणतो तो.
बांगडा संध्याकाळपर्यंत तसाच असतो.
भिंतीवरची तेवढी टक्क जागी.
आज तीन किलो नऊशे.
तिनावर मी खडू
जरा वेळ धरून ठेवला.