चार मिनिटं

बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवते मी,
ईसाल्मीच्या रिंकवर, दिवसातून पाच वेळा.
उंच बसायला मिळतं. सगळं दिसतं.
कुणाच्या ब्लेडला धार नाही, कोण कोपऱ्यात थुंकतं,
आणि यार्क्को कुठे उभा राहून ओरडतो, तेही,
कारण तिथला बर्फ वेगळाच फुटलेला असतो,
टाचेने ठोकल्यासारखा.

माझी पिह्ला अकरा वर्षांची. गोलकीपर.
पॅड घातल्यावर ती कपाटाएवढी रुंद होते
आणि त्या कपाटात कुठेतरी
माझी मुलगी असते.

यार्क्कोचा राग आधी आवाजात येतो, मग मानेत,
मग हातातल्या स्टिकमध्ये.
ऑक्टोबरात एक मोडली. जानेवारीत दोन.
तुकडे मीच वेचते, कारण एखादी कपची
यंत्राच्या पात्यात गेली तर तीनशे युरोंना चाट.
वर बाकांवर पालक कागदी पेल्यातून कॉफी पितात.
"जिंकवतो मात्र," वाल्टेरीचा बाबा म्हणतो.
कुणी हूं नाही की चूं नाही.
मीही नाही. माझा पगार ह्याच क्लबच्या वहीतून निघतो.

एकदा रात्री तिला विचारलं, त्याची भीती वाटते का गं?
"मला नाही," ती म्हणाली. "वाल्टेरीला वाटते.
त्याला शू होते. आम्ही कुणी कुणाला सांगत नाही."
आणि दिवा घालवला.
आत्ता आपण सांगून टाकलं, हे तिच्या लक्षात आलं नसावं.
किंवा आलं असावं.

त्या मंगळवारी बाहेर उणे सव्वीस.
वाल्टेरीचा पास चुकला, साधाच, पाच हातांवरचा,
आणि यार्क्कोच्या तोंडाचा पट्टा सुटला.
पोरगा मध्यरेषेवर, हेल्मेट खाली घातलेलं,
यार्क्को इतका जवळ की दोघांची वाफ एकच.
घड्याळात चार मिनिटं बाकी होती.
मी किल्ली फिरवली.

मोठं दार वर जाताना भोंगा वाजतो. तो नियमच आहे.
भोंगा ऐकला की पोरं निघतात,
गोठ्याकडे वळलेल्या गाईंसारखी, मागे न बघता.
मी सरळ मध्यरेषेकडे गेले.
चार टन, ताशी नऊ किलोमीटर.
धाडस वगैरे म्हणायला हा वेग फारच कमी.
यार्क्को वळून मला काहीतरी म्हणाला, बरंच म्हणाला;
इंजिनापुढे मला नुसतं तोंड दिसलं,
उघडं, बंद, उघडं,
खालचा एक दात नाही.
कधी पडला, आणि कुणापुढे उभा असताना, कोण जाणे.
मग तो बाजूला झाला.
मी वळसा घेतला. मागे गरम पाणी पसरत गेलं.

नंतर यंत्राच्या खोलीत आला, हातमोजे काखेत.
"घड्याळ पुढे आहे का तुझं?"
"आहे."
"दुरुस्त करून घे."
"आधी तू."
बर्फाचा चुरा वितळून बादलीत टपटपत होता.
तो बराच वेळ बादलीकडे बघत राहिला.
आमच्याकडे एवढं बोलणंही पुष्कळ झालं.

गाडीत पिह्लाचं नाक खिडकीला.
"चार मिनिटं आधी आलीस."
"हो."
"शेवटची चार मिनिटं माझी असतात. पेनल्टीचा सराव.
तुला माहीत आहे."
माहीत होतं.
ह्यावर आता काय बोलणार?
नुसता हीटरचा आवाज. तळ्याच्या वळणावर तीच म्हणाली,
"वाल्टेरी आज सगळ्यांबरोबर बसला होता, बूट सोडायला."

गुरुवारी यार्क्को ओरडला. ओरडलाच.
मध्येच थांबून त्याने एकदा मोठ्या दाराकडे पाहिलं,
आणि पुन्हा ओरडला, जरा खालच्या पट्टीत.
मी वर बसले होते, हात किल्लीवर.

क्लबचं पत्र आलंय: वेळापत्रक काटेकोर पाळावे.
ते मी घड्याळाखालच्या खिळ्याला अडकवलंय.