गुण

खोली एकशे चौदा, विनिपेग.
बाहेर उणे एकतीस. आत मी आणि माझी साखर.

मारिविक रात्री दहाला येते,
ओले मोजे रेडिएटरवर वाळत घालते,
मग मला कुशीवर वळवते
आणि जाता जाता दोन बोटं मनगटावर ठेवते.
कुणी सांगितलेलं नसतं.

इलोइलोच्या सरकारी दवाखान्यात अकरा वर्षं,
पुरुषांचा वॉर्ड, साठ खाटा, दोघी नर्स.
इथं ती माझी कवळी धुते.
सुई टोचायला डोना येते, बिल्ला लावून.

मी रेल्वेत ब्रेकमन होतो, एकोणचाळीस वर्षं.
कागदांचं मला सांगू नका.
बंदरावरच्या कारकुनानं माझ्या बापाचं नाव चुकीचं लिहिलं,
आम्ही सगळे त्या चुकीचे वंशज.

तिच्या कॉलेजनं म्हणे मोहोरबंद लिफाफा पाठवायचा.
पाठवणारी बाई वारली.
नवी म्हणते, तुमच्या सालातली रजिस्टरं वादळात भिजली.
इथली म्हणते, भिजलेली चालतील, सही कोरडी हवी.
इंग्रजीच्या परीक्षेत विचारलं:
आवडत्या बागेविषयी दोन मिनिटं बोला.
"मी कुठली बागेत जाते, मिस्टर वासिल?
मी नाइट करत होते."
मग तिनं एक बाग रचली.
कारंजं घातलं, वेळ उरला म्हणून बदकं सोडली.
पास झाली.

तीन वाजता सगळ्या खोल्यांतले खोकले निजले
की ती खिशातून पत्ते काढते, मी भिंग.
एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर.
औषधांची नावं मला झेपत नाहीत,
मी लहान स्टेशनांसारखी थांबत थांबत वाचतो:
मेटो. प्रो. लोल.
ती हसते, डोळे मिटते, सांगते.
चुकली तर मी शिट्टी मारतो,
तोंडानंच, हळू.

फेब्रुवारीत एकदा मीच प्रश्न झालो.
घाम. जीभ जड. दिव्याचे दोन दिवे.
तिनं ओळखलं, मी तिला ओळखताना पाहिलं.
बेल दाबली, रस पाजला; अर्धा उशीवर सांडला.
कपाटाची किल्ली डोनाकडे,
डोना वरच्या मजल्यावर, पडलेल्या म्हातारीपाशी.
सात मिनिटं.
माझा हात तिच्या हातात होता,
आणि ती धरून ठेवत होती
आपल्याच हातांना.

माझी आई म्हणायची, काही बायकांच्या हाताला गुण असतो.
बरा झाल्यावर मी हे तिला सांगितलं, आणि विचारलं,
परीक्षेत किती लागतात?
"गुण नसतातच तिथं.
यंत्र विचारत राहतं,
त्याची खात्री पटली की मध्येच गप्प होतं."
कसली खात्री?
"तेच तर कळत नाही."

यंत्र पंच्याऐंशीला गप्प झालं.
गाडीत बसून राहिली म्हणे, आतून काच गोठेपर्यंत.
दोन दिवसांनी माझ्या डाव्या पायाला तेल लावताना
फोन वाजला. कोपरानं सरकवून वाचला.
मग उजवा पाय घेतला.
त्या रात्री नळ बराच वेळ वाहत होता.

एप्रिलमध्ये नदीचा बर्फ फुटला
आणि ती मोठ्या इस्पितळात गेली, हृदयाच्या वॉर्डात.
आकडी काढायची, डबा सोडून द्यायचा,
ब्रेकमनचं कामच ते.
तरी तीन रात्री मी नव्या मुलीशी बोललो नाही.

चौथ्या रात्री तिनं मला कुशीवर वळवलं
आणि जाता जाता दोन बोटं मनगटावर ठेवली.
कुठली गं तू?
"असमारा. सेनाइत."
किती वर्षं?
"नऊ. बाळंतपणं."
किती केलीस?
ती आकडा शोधत राहिली छताकडे बघत.

वरच्या खणात भिंग आहे, म्हटलं.
काच पुसून दे.