लाल दिवा

पहिल्याच तासाला भिरूड मॅडमनी फळ्यावर लिहिलं: ॲडव्होकसी.
विचारलं, आपल्याकडं याला काय म्हणतात?
कुणी म्हणालं वकिली, कुणी पैरवी,
भडगावचा चुडामण मागून म्हणाला, "दलाली",
वर्ग हसला.
मी वहीत लिहिलं: कैवार.
आणि खोडलं.
शब्द आईच्या तोंडचा होता.
बोळातल्या भांडणात मी मधे पडले की ती ओरडायची,
"तुले काय पडलं? कशाले घेते तिचा कैवार?"
खिडकीबाहेर गिरणेचं पात्र, वाळूपेक्षा खड्डे जास्त.
पंखा फिरत होता. उकाडा जागचा हलत नव्हता.

दुसऱ्या सत्रात प्रकल्प:
एक प्रश्न, एक लक्ष्यगट, एक संदेश, सात मिनिटं.
मी रावेरकडचे अंगठे घेतले.

केळीच्या वखारीत घडाच्या फण्या सोडवणाऱ्या बाया,
सकाळपासून हात तुरटीच्या पाण्यात.
चीक असा, की पातळाला लागला तर पातळ जातं,
डाग जात नाही.
बोटांवरच्या रेघा कधी गेल्या त्यांना कळलं नाही,
कळलं ते रेशनच्या दुकानात.
मशीनचा दिवा लाल झाला, पुसून ठेवला अंगठा, पुन्हा लाल,
आणि दुकानदार म्हणाला,
"मावशी, तू तू नाहीस."

मी पोस्टर केलं.
पिवळ्यावर काळा अंगठा, खाली ओळ:
माझी ओळख पुसू नका.
मॅडम म्हणाल्या, नेमकं.
चुडामणनं अक्षर जाड करून दिलं.

जैतुनबाई तडवीच्या ओट्यावर मी ते उलगडलं.
तिनं लांब धरलं, जवळ धरलं.
"हा कोणाचा व माय?"
तुमचाच, मावशी.
"माह्यं नख असं नाही.
अन् वाचून दाखव, काय लिवलं.
पुसू नका? पुसलं तं केळीनं.
केळीवर काय राग, तिच्यावरच पोट ए.
मले गहू पायजे. गहू लिवला का कुठी?"

गहू कुठंच नव्हता.
मी पोस्टर गुंडाळलं, रबर लावायला हात सापडेना.
तिनं चहा ठेवला. बिनदुधाचा,
वर म्हणाली, रंग मात्र चांगलाय, केळीसारखा.

तहसीलच्या सभागृहात माईक होता, साहेबांच्या उंचीचा.
माझं सगळं पाठ होतं: आकडे, कलम,
आणि तो थांबा, जिथं समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं असतं.
उभी राहिले. नाव सांगितलं. गाव सांगितलं.
पुढचं बोललेच नाही.
का, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही.
जैतुनबाई उठून आली होती एवढं खरं,
आणि माईक तिच्या कपाळाशी होता.
दांड्याची कळ गंजलेली.
मी ती अंगठ्यानं दाबून धरली,
तो करकरत तिच्या तोंडाशी आला.

ती आधी शेळीबद्दल बोलली.
मग जावयाबद्दल, त्याच्या मोटारसायकलबद्दल,
पुरवठ्याचा कारकून मोबाईलमधे गेला,
मी मनात म्हणत होते, मुद्द्यावर या, मावशी, मुद्द्यावर.
"पोळ्याच्या आंधी गेली, नाही म्हणे.
पोळा झाला, गेली, नाही म्हणे.
दिवाळीत दुकानाले कुलूप.
मशीन म्हणते मी मी नाही.
नसन.
तं मंग इतके दिवस उपाशी कोण राह्यलं, साहेब?"

कारकुनानं मान वर केली.
एकूण अकरा मिनिटं.
साहेबांनी कागदावर एक ओळ लिहिली,
माझ्या बाजूनं ती उलटी होती.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक, धुळ्याचे.
"परिणाम?"
अजून कळायचाय, सर.
"संदेश शेवटी काय ठरला?"
गहू.
"आणि यात तुमचं योगदान?"
माईकची कळ धरली होती.
ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत,
शंभरात एकसष्ट.

गंज दोन दिवस अंगठ्याला होता.